सामर्थ्य आणि औचित्य

एखाद्या काव्यांतील उपमा सुंदर आहेत, वृत्त निर्दोष आहे, शब्दकळा भरजरी आहे, आणि तरीहि तें काव्य वाचून संपल्यावर मनावर कांहींच ठसा उरत नाहीं, असा अनुभव रसिक वाचकांस पुष्कळदां आलेला असेल. अशा वेळीं टीकाकारानें अवयवांची स्तुति करून मोकळें व्हावें, कीं समग्र कृतीचा जाब विचारावा? आपल्या साहित्यशास्त्रानें या प्रश्नाचा निकाल फार पूर्वींच लावून ठेविला आहे. अकराव्या शतकांत काश्मीरांत होऊन गेलेल्या क्षेमेंद्रानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें. अलंकार कितीहि मोलाचा असला तरी तो आपल्या जागीं नसेल तर शोभा न देतां हंसें करितो, असा त्या विचाराचा मथितार्थ आहे.

हाच विचार आज आम्ही एका अगदीं निराळ्या वस्तूस लावून पाहणार आहों. ती वस्तु म्हणजे दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें घडविलेले अवजड रणगाडा-विध्वंसक. विषय साहित्याच्या मासिकास परका वाटेल. परंतु घरांतील मुलांस तो परका नाहीं. संगणकावरील युद्धाच्या खेळांत रमणारीं आणि प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून रणगाड्यांच्या प्रतिकृति जोडणारीं मुलें 'फर्डिनांड', 'याग्टपांटर', 'याग्टटीगर' हीं नांवें घडाघडा म्हणतात. कोणाची तोफ किती मिलिमीटरची आणि कोणाचें चिलखत किती जाड, हें तीं न अडखळतां सांगतात. वडील मंडळी त्यास पोरखेळ म्हणून पाठ फिरवितात. आम्हांस दोन्ही वृत्ति अपुऱ्या वाटतात. ज्या वस्तूविषयीं मुलांच्या मनांत आदर उत्पन्न होतो, तिचें परीक्षण करणें हें वडिलांचें कर्तव्य आहे; आणि परीक्षण म्हणजे केवळ निंदा नव्हे.

प्रथम वस्तूचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. रणगाड्याच्या माथ्यावर फिरता बुरूज असतो व त्यांत तोफ बसविलेली असते. तो बुरूज काढून टाकला आणि गाडीच्या अंगांतच तोफ समोर रोखून बसविली, तर त्याच सांगाड्यावर अधिक मोठी तोफ आणि समोरच्या बाजूस अधिक जाड चिलखत मावतें. शिवाय गाडी बनविणेंहि सोपें होतें. याचें मोल असें कीं, तोफ उजव्या-डाव्या बाजूस थोडीच वळते; लक्ष्य त्यापलीकडे असेल तर सबंध गाडीच वळवावी लागते. म्हणजे दबा धरून बसावें, शत्रूचे रणगाडे समोरून येऊं द्यावे आणि दुरूनच त्यांस टिपावें, हें या यंत्राचें खरें काम. नाटकांत पात्राचा जसा स्वभाव ठरलेला असतो, तसा हा या गाडीचा स्वभाव. तिच्या गुणदोषांचा विचार या स्वभावाला धरूनच केला पाहिजे.

गुणांचें माप आम्ही हात आखडून घालणार नाहीं. फर्डिनांड आणि याग्टपांटर या दोहोंवर ८८ मिलिमीटर व्यासाची लांब नळीची तोफ होती. दोन किलोमीटरांवरूनहि त्या काळच्या दोस्त राष्ट्रांच्या बहुतेक रणगाड्यांचें चिलखत ती भेदूं शके. उलट त्या रणगाड्यांना या गाड्यांच्या समोरच्या पोलादावर दुरून मारा करून कांहींच साधत नसे. फर्डिनांडचें समोरचें चिलखत २०० मिलिमीटर जाड होतें. याग्टपांटरचें ८० मिलिमीटरच होतें, परंतु तें इतकें तिरपें बसविलें होतें कीं, गोळा बहुधा त्यावरून घसरून जाई. थोड्या पोलादांत अधिक संरक्षण साधणारी ही युक्ति म्हणजे कमी शब्दांत अधिक अर्थ सांगणारी शैलीच होय. ३० जुलै १९४४ रोजीं नॉर्मंडींत याचा प्रत्यय आला. दोन-तीन याग्टपांटर गाड्यांनीं अचानक हल्ला करून ब्रिटिशांच्या स्कॉट्स गार्ड्स पलटणीचे अकरा चर्चिल रणगाडे थोड्याच वेळांत निकामी केले. पुढें ब्रिटनचे गृहमंत्री झालेले विल्यम व्हाइटलॉ त्या प्रसंगीं त्याच पलटणीचे अधिकारी होते. ज्या कामासाठीं गाडी निर्माण झाली तें काम तिच्या वांट्यास आलें म्हणजे ती काय करूं शके, याचें हें उदाहरण निर्विवाद आहे.

परंतु तें काम तिच्या वांट्यास किती वेळां आलें? येथें समग्र कृतीचा प्रश्न उभा राहतो.

फर्डिनांडची जन्मकथा पाहावी. फर्डिनांड पोर्शे या नामांकित अभियंत्यानें 'टायगर' रणगाड्यासाठीं एक आराखडा केला होता. परंतु १९४२ मध्यें निवड झाली ती हेन्शेल कारखान्याच्या आराखड्याची. दरम्यान पोर्शेच्या आराखड्याप्रमाणें सुमारें ९० सांगाडे ऑस्ट्रियांतील निबेलुंगेन कारखान्यांत तयार होऊं लागले होते. ते वायां जाऊं नयेत म्हणून त्यांवर मोठी तोफ व जाड चिलखत चढविण्यांत आलें आणि या गाडीला तिच्या जनकाचेंच नांव मिळालें. म्हणजे ही कृति गरजेंतून जन्मली नाहीं. शिल्लक उरलेल्या सामग्रीचें काय करावें या विवंचनेंतून जन्मली. वजन भरलें ६५ टन. तिच्या पोटांत दोन पेट्रोल-इंजिनें वीज निर्माण करीत आणि त्या विजेवर चालणारीं यंत्रें साखळीपट्टे फिरवीत. कल्पना बुद्धिमत्तेची खरी. पण तिला तांबें फार लागे, आणि तांब्याचा जर्मनीस तुटवडा होता. यंत्रहि नाजूक व गुंतागुंतीचें झालें.

५ जुलै १९४३ रोजीं कुर्स्कची लढाई सुरू झाली. ज्या नव्या यंत्रांची वाट पाहण्यांत हिटलरनें ही मोहीम लांबणीवर टाकली होती, त्यांत फर्डिनांडहि होती. उत्तर बाजूस पोन्यरीच्या परिसरांत ८९ फर्डिनांड रणांत उतरल्या. आणि उतरल्या त्या दबा धरून बसण्यासाठीं नव्हे, तर शत्रूची तटबंदी फोडण्यासाठीं, आघाडीवर! समोर सुरुंगांची दाट पेरणी होती. २०० मिलिमीटरचें पोलाद समोर होतें. सुरुंग फुटत होता पायाखालीं. साखळीपट्टा तुटला कीं ६५ टनांचा तो डोंगर जागींच बसे, आणि त्याला ओढून मागें नेण्यास अनेक ओढगाड्या एकापुढें एक जुंपाव्या लागत. शत्रूच्या तोफांखालीं तें कसें व्हावें? जवळ येणाऱ्या पायदळाचा प्रतिकार करण्यास गाडीवर बाहेर रोखलेली एकहि मशीनगन नव्हती. या मशीनगनच्या अभावाची कथा इतकी लोकप्रिय झाली आहे कीं, सर्व फर्डिनांड जणूं पेट्रोलच्या बाटल्या फेंकणाऱ्या शिपायांनींच जाळल्या असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. रणांत टाकून दिलेल्या गाड्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनीं पुढें तपासल्या, तेव्हां बहुतेकींचे पाय सुरुंगांनीं मोडलेले आढळले. जुलै अखेरपर्यंत चाळीसच्या आसपास फर्डिनांड कायमच्या गमावल्या गेल्या. या गाड्यांनीं शत्रूचे पांचशेंच्या आसपास रणगाडे मारल्याचा दावा जर्मनांनीं केला. दाव्यांत अतिशयोक्ति असतेच. परंतु तो अक्षरशः खरा मानला तरी मोहीम फसली हें सत्य बदलत नाहीं. अलंकार मोजून महाकाव्य ठरत नाहीं, तसेंच हें आहे.

उरलेल्या गाड्या कारखान्यांत परत नेऊन त्यांना मशीनगन बसविली व 'एलेफंट', म्हणजे हत्ती, असें नांव दिलें. त्यांपैकीं अकरा १९४४ च्या फेब्रुवारींत इटलींत आंझिओच्या आघाडीवर गेल्या. तेथील पूल त्यांचें वजन पेलेनात, रस्ते अरुंद, आणि बिघाड झाला कीं ओढून नेण्याची सोय अपुरी. उन्हाळा संपण्यापूर्वीं त्यांतील बहुतेक नाहींशा झाल्या, आणि कित्येक तर चालकांनीं स्वतःच सोडून दिल्या किंवा उडवून दिल्या. मराठी वाचकांस ही रणभूमि अगदींच अनोळखी नाहीं. त्याच वर्षीं, त्याच देशांत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटेच चालून गेले आणि त्यांनीं देह ठेविला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मिळाला. त्यांची व एलेफंटची गांठ पडली नव्हती. परंतु टेंकड्या, नद्या आणि अरुंद वाटा यांच्या त्या देशांत पायीं चालणारा माणूस जेथें जाऊं शकत होता, तेथें हा पोलादी हत्ती पोहोंचूंच शकत नव्हता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

याग्टपांटर, म्हणजे शिकारी बिबळ्या, ही या कुळांतील सर्वांत सरस कृति, असें आमचें मत आहे. वजन सुमारें ४५ टन, इंजिन ७०० अश्वशक्तीचें, तोफ, चिलखत आणि वेग यांचा मेळ चांगला. तरी साखळीपट्ट्यांस गति देणारीं शेवटचीं दंतचक्रें दुबळीं होतीं, आणि तोफ रोखण्यासाठीं सबंध गाडी वारंवार वळवावी लागत असल्यानें नेमका त्यांच्यावरच ताण पडे. शिवाय जानेवारी १९४४ पासून युद्ध संपेपर्यंत या गाड्या चारशेंहून थोड्या अधिकच बनल्या. त्याच युद्धांत रशियानें टी-३४ जातीचे पन्नास हजारांहून अधिक रणगाडे घडविले. उत्तम पण विरळ असें शस्त्र पराक्रम गाजवितें; युद्धाचा निकाल बदलीत नाहीं.

आणि याग्टटीगर, शिकारी वाघ! येथें अतिशयोक्ति अलंकार स्वतःचेंच विडंबन करूं लागतो. तोफ १२८ मिलिमीटरची, समोरचें चिलखत २५० मिलिमीटर, वजन ७० टनांहून अधिक; आणि एवढा भार वाहण्यास इंजिन कोणतें, तर ४५ टनी याग्टपांटरला होतें तेंच, ७०० अश्वशक्तीचें. एकेक गोळा सुमारें २८ किलोंचा; त्याची दारू वेगळी भरावी लागे, म्हणून गोळे भरण्यासच दोन माणसें. या गाड्यांच्या एका तुकडीचे नायक ओटो कारिउस यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हिची फारशी स्तुति केलेली नाहीं. खडबडीत जमिनीवरून थोडें चाललें कीं तोफेचा नेम बिघडे, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांनीं सांगितलेला एक प्रसंग मनास चटका लावून जातो. एका गाडीच्या नायकानें समोरची जाड बाजू शत्रूकडे ठेवून मागें हटण्याऐवजीं गाडीच वळविली. पातळ कूस शत्रूपुढें आली, आणि आंतील सहाहि माणसें मेलीं. पोलाद २५० मिलिमीटर होतें. परंतु तें वापरण्याचें शिक्षण देण्यास वेळच उरला नव्हता. या जातीच्या शंभरहि गाड्या बनल्या नाहींत, आणि त्यांतील बऱ्याच बिघाडामुळें किंवा पेट्रोल संपल्यामुळें चालकांनींच उडवून दिल्या.

या यंत्रांचे कैवारी म्हणतात कीं, दोष यंत्रांचा नव्हे, परिस्थितीचा आहे. पेट्रोल मुबलक असतें, आकाश आपलें असतें, तयार माणसें असतीं, तर हींच यंत्रें अजिंक्य ठरलीं असतीं. या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. आणि फर्डिनांड तटबंदीवर घालणें ही चूक तिच्या कर्त्याची नव्हे, सेनापतींची होती, हेंहि आम्ही मान्य करितों. परंतु ज्या देशापाशीं पेट्रोल नाहीं त्या देशासाठीं पेट्रोल पिणारें यंत्र योजणें, हा दोष यंत्राच्या बाहेरचा कसा म्हणावा? परिस्थिति ही कृतीच्या बाहेर नसते. ती कृतीची पहिली अट असते. त्याच जर्मनीनें 'श्टुग' नांवाची बुटकी, साधी, स्वस्त गाडी नऊ हजारांहून अधिक संख्येनें बनविली, आणि प्रत्येक आघाडीवरील रोजचें काम तिनेंच ओढलें. तिच्याविषयीं मुलें फारशी बोलत नाहींत. साध्या, नेमक्या गद्यास टाळ्या कोठें मिळतात?

येथवर आम्ही कारागिरीचा विचार केला; आतां एक शेवटची गोष्ट, जी खेळांत आणि प्रतिकृतींच्या खोक्यांवर सांपडत नाहीं. ज्या निबेलुंगेन कारखान्यांत फर्डिनांड व याग्टटीगर तयार झाल्या, त्याच्या शेजारीं सांक्ट व्हालेंटिन येथें १९४४ च्या ऑगस्टपासून माउटहाउझेन या छळछावणीची एक शाखा होती, आणि तेथील कैद्यांना त्या कारखान्यांत राबविलें जात होतें. २५० मिलिमीटरच्या पोलादामागें सहा माणसांना आसरा मिळत असे. तें पोलाद जोडणाऱ्या उपाशी हातांना कसलाच आसरा नव्हता. औचित्याचा विचार केवळ तोफ आणि इंजिन यांच्या मेळापाशीं थांबत नाहीं. साधन आणि साध्य यांच्या मेळापर्यंत तो जातो. ज्या राजवटीच्या रक्षणासाठीं हीं यंत्रें घडलीं, ती टिकणें हेंच मनुष्यजातीवरील अरिष्ट होतें. म्हणून या यंत्रांच्या अपयशाबद्दल हळहळणें आम्हांस शक्य नाहीं. आणि त्यांच्या कर्त्यांच्या बुद्धीबद्दल हळहळल्यावांचून राहवत नाहीं.

फर्डिनांडच्या आज दोनच गाड्या उरल्या आहेत, एक रशियांत व एक अमेरिकेंत. घरांतील मुलगा आपली प्रतिकृति जोडून दाखवील, तेव्हां ती हातांत घेऊन अवश्य पाहावी. तोफेची लांबी आणि चिलखताची जाडी तो सांगेल. ती ऐकून घ्यावी. मग त्याला इतकेंच विचारावें, कीं हिचें वजन कोणता पूल पेलेल, आणि ही कोणाच्या हातांनीं घडली? उत्तर शोधतांना तो स्वतःच टीकाकार होईल.