घडवलेले देव, मोजलेले आत्मे

युवा मंडळाची बैठक आटोपली, मुले मोटारसायकली काढून पांगली, तरी एक जण चर्चच्या व्हरांड्यात रेंगाळत राहिला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला, रविवारच्या मिस्सेत वाचन करणारा हा मुलगा. "फादर," तो म्हणाला, "सगळे देव माणसांनीच बनवलेले आहेत असे सिद्ध झाले, तर प्रार्थना कुणाला करायची?" कुठलेसे पुस्तक त्याच्या हाती लागले असावे असे आम्हांला वाटले. तो म्हणाला, पुस्तक नाही, खेळ. दुसऱ्या दिवशी त्याची आईही धर्मगुरूनिवासात आली. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकासमोर बसतो, तोही नास्तिकपणा शिकवणाऱ्या खेळापुढे. फादरांनी त्याला बंदी करावी, असे तिचे म्हणणे.

ज्या ग्रंथावर मत द्यायचे तो आधी वाचावा, हे सेमिनरीत आमच्यावर बिंबवले गेले होते. म्हणून आम्ही त्या मुलाकडूनच खेळ मागून घेतला आणि दोन-अडीच महिने, रात्रीच्या प्रार्थनेनंतर, खेळलो. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला हे शोभते का, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकीणबाईंनी विचारला नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो होता. आरंभीच्या जंगलातील एका गुहेतल्या अस्वलाने आमचा पाच वेळा फडशा पाडला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

खेळाचे नाव 'पिलर्स ऑफ इटर्निटी'. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या कंपनीने तो घडवला. २०१२ साली तिने किकस्टार्टरवरून थेट खेळाडूंकडे वर्गणी मागितली, ३९ लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली आणि मार्च २०१५ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. जॉश सॉयर हे त्याचे दिग्दर्शक. अशा खेळात खेळाडू आधी एक पात्र घडवतो. त्याचा वंश, व्यवसाय, बळ, बुद्धी हे सारे गुण वाटून घ्यायचे आणि मग त्या पात्राच्या तोंडून बोलत, निर्णय घेत कथेतून वाट काढायची. कादंबरी आणि सोंगट्या यांचा संकर म्हटले तरी चालेल. मजकूर इतका की वाचनाची आवड नसलेल्याने याच्या वाटेला जाऊ नये.

कथेचा शेवट सांगितल्यावाचून मीमांसा होणार नाही, तेव्हा खेळू इच्छिणाऱ्यांनी क्षमा करावी. इओरा नावाच्या कल्पित जगात डायरवुड हा देश आहे. या जगात आत्मा ही अनुभवाची गोष्ट आहे. माणूस मेला की त्याचा आत्मा एका चक्रातून फिरून नव्या देहात येतो. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. मात्र आपल्या शेजारधर्मातील पुनर्जन्मामागे कर्माचा जो नैतिक हिशेब आहे, तो इथे जवळजवळ नाही. चक्र फिरते ते पाणी उताराकडे वाहावे तसे. आत्म्याचे एक शास्त्रही आहे, 'ॲनिमन्सी' नावाचे. त्याचे अभ्यासक आत्मे यंत्रात साठवतात, तोडतात, जोडतात. आणि या देशात वर्षानुवर्षे पोकळ मुले जन्मत आहेत. श्वास चालतो, डोळे उघडे असतात, पण आत आत्मा नाही. खेळाडूच्या पात्राला इतरांच्या आत्म्यात डोकावण्याची शक्ती अपघाताने लाभते आणि तो या अरिष्टाच्या मुळाशी जातो.

मुळाशी थाओस नावाचा एक धर्माधिकारी आहे. मुलांचे आत्मे तो चोरतो आहे, वोएडिका या देवीला बळ यावे म्हणून. पण त्याचे खरे गुपित याहून जुने आहे. प्राचीन काळी त्याच्या एन्ग्विथन लोकांनी देवांचा शोध घेतला आणि त्यांना कोणीही सापडले नाही. हे सत्य कळले तर माणसे एकमेकांना फाडून खातील, या भयाने त्यांनी स्वतःच्या असंख्य लोकांचे आत्मे एकत्र ओतून देव तयार केले. तेव्हापासून थाओस जन्मामागून जन्म घेत हे गुपित राखतो आहे. ज्या स्त्रीने ते उघड केले, त्या इओव्हाराला त्याने छळून मारले.

आमच्या युवकाला हादरवणारे स्थळ ते हेच. आम्हांला मात्र इथे धक्का बसला नाही आणि का बसला नाही ते त्यालाही सांगितले. घडवलेल्या देवांची थट्टा करण्यात आपला पवित्र ग्रंथ कोणत्याही नास्तिकाला मागे टाकतो. यशयाच्या ग्रंथातला तो सुतार आठवावा. एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर तो भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. दुसऱ्या शतकात रोमन लोक ख्रिस्ती श्रद्धावंतांनाच नास्तिक म्हणत. संत जस्टिन यांनी ती पदवी एका अर्थी स्वीकारली: तुमच्या या देवांच्या बाबतीत आम्ही खरोखर नास्तिक आहोत, असे त्यांनी आपल्या समर्थनात लिहून ठेवले. १८४१ साली जर्मन विचारवंत फॉयरबाख यांनी मांडले की माणूस आपलेच सर्वोत्तम गुण आकाशावर फेकतो आणि त्यांना देव म्हणतो. खेळातील देव नेमके तसेच आहेत. मत्सरी, भांडखोर, भक्तांवर पोसलेले. असे देव कोसळले तर ख्रिस्तसभेने सुतक पाळण्याचे कारण नाही.

आणि थाओस? दोस्तोयेव्हस्कीच्या 'करामाझव बंधू'मधील वृद्ध धर्मन्यायाधीशाचा हा धाकटा भाऊ आहे. लोकांना सत्य झेपणार नाही, त्यांना भाकरी, चमत्कार आणि अधिकार द्या, असे मानणारा. हे पात्र आम्हां धर्मगुरूंना उद्देशून आहे, असे समजूनच आम्ही ते वाचले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात मान्य केले आहे की नास्तिकतेच्या उगमात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो: सदोष शिकवण, सदोष वर्तन. लोकांचा विश्वास टिकावा म्हणून एखादी गोष्ट झाकून ठेवण्याचा मोह कोणत्या धर्मगुरूला झाला नाही? आम्हांला झाला आहे.

तेव्हा आमचा खेळाशी वाद देवांवरून नाही. वाद आत्म्यावरून आहे आणि आश्चर्य असे की ना त्या मुलाने, ना त्याच्या आईने त्याबद्दल चकार शब्द काढला होता.

देव खोटे ठरवताना हा खेळ आत्मा शाबूत ठेवतो. पण कसला आत्मा? साठवता येणारा, वाटता येणारा, इंधनासारखा जाळता येणारा. देहात ठेवलेला ऐवज जणू. कोणी चोरला तर मागे उरते ते रिकामे कपाट. असा आत्मा मानला की पुढचे सारे ओघानेच येते. डायरवुडमध्ये काही अभ्यासकांनी पोकळ मुलांच्या देहात जनावरांचे आत्मे भरले, आईबापांचे समाधान व्हावे म्हणून. मुले वाढली आणि वयात येताच हिंस्र झाली. लेखकांना हे भयंकर वाटते, खेळणाऱ्यालाही वाटते. परंतु भयंकर का वाटावे? कपाट रिकामेच असेल, तर त्यात काहीही ठेवले म्हणून कोणाचा अपराध होतो? ज्या तत्त्वज्ञानावर खेळ उभा आहे त्यात याचे उत्तर नाही. उत्तर खेळणाऱ्याच्या अंगावर येणाऱ्या काट्यात आहे.

व्हिएन्नच्या परिषदेने १३१२ साली शिकवले की आत्मा हा मानवी देहाचे रूपतत्त्व आहे. शब्द अवघड आहेत, अर्थ सोपा आहे. हा देह जिवंत आहे, माणसाचा आहे, याचेच नाव त्यात आत्मा आहे. श्वास घेणारे, ऊब असलेले, आईच्या कुशीत निजलेले मूल आत्म्याविना असणे ही आपल्या शिकवणुकीत संभवणारी गोष्टच नाही. ते बोलत नसेल, ओळखत नसेल, तरीही नाही.

हे आम्ही पुस्तकी म्हणून लिहीत नाही. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक माता होती. तिचा मुलगा नऊ वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाक मारली तर वळत नव्हता. एकदा मिस्सेनंतर तिने विचारले, "फादर, ह्याच्या आत कोणी हाय ना?" आम्ही तरुण होतो, व्हिएन्नची परिषद पाठ होती, तरी काही क्षण अडखळलो. तो अडखळण्याचा क्षण तिने पाहिला. पुढे आम्ही पुष्कळ सांगितले, पण तिने जे पाहायचे ते पाहिले होते. पोकळ मुलांच्या त्या गावातून आमचे पात्र फिरत असताना तिचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून हलला नाही. आमच्या वाचकांत अशी मुले असलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी हा खेळ खेळला जात असेल, तर या एका ठिकाणी आईवडिलांनी मुलाजवळ बसावे.

लेखकांनाही ही बोच जाणवली असावी. 'ग्रीव्हिंग मदर' म्हणजे शोकमाता नावाचे एक पात्र आहे, दुसऱ्याच्या मनात शिरू शकणारी सुईण. पोकळ बाळे जन्मू लागली तेव्हा तिने मातांच्या मनावर पडदा ओढला, त्यांनी बाळाला टाकू नये म्हणून. तिचे चुकले असे खेळ सुचवतो. आम्हांला वाटते, फसवणूक चुकली. पण टाकू नये हे तिला जे उमगले होते, ते त्या जगातील सगळ्या पंडितांच्या ज्ञानापेक्षा खरे होते.

हे पात्र आणि ड्युरन्स, दोन्ही ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी लिहिली. ड्युरन्स हा मॅग्रान देवीचा धर्मगुरू. शिवराळ, मळका, असह्य आणि आमच्या मते साऱ्या खेळातील सर्वांत जिवंत माणूस. युद्धात एका देवरूप झालेल्या शेतकऱ्याला उडवणारा बॉम्ब बनवण्यात याचा हात होता. तेव्हापासून देवी त्याच्याशी बोलत नाही. तरी त्याचे मंत्र चालतात. देवी गप्प, मंत्र चालू! प्रार्थनेतील शुष्कतेची वर्षे ज्याने काढली आहेत, त्याला हे दृश्य हसून सोडता येणार नाही. फरक इतकाच की इथे मंत्र चालतात ते ड्युरन्सच्या स्वतःच्या आत्म्याच्या जोरावर. कृपेला या जगात जागाच नाही.

चारित्र्यघडणीचा प्रकारही पाहण्याजोगा आहे. आरंभी बळ, बुद्धी, निश्चय असे सहा गुण आकड्यांनी वाटून घ्यायचे. ते तितके महत्त्वाचे नाही. पण पुढे प्रत्येक बोलण्या-वागण्याची नोंद होते: दयाळू, प्रामाणिक, क्रूर, कपटी. कृतीतून वृत्ती घडते, हे संत थॉमस अक्वायनस यांचे सद्गुणांविषयीचे म्हणणे इथे यंत्राला शिकवलेले पाहून आम्हांला मौज वाटली. आम्ही अर्थातच धर्मगुरू झालो, इओथास या देवाचे. त्याला दया आणि प्रामाणिकपणा प्रिय. तसे वागले की धर्मगुरूची शक्ती वाढते. स्केन या देवाच्या धर्मगुरूची क्रौर्य आणि कपटाने वाढते. थोड्याच दिवसांत आमच्या ध्यानात आले की भिकाऱ्याशी गोड बोलताना आमचा डोळा त्या वाढीवर आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील शिमोन जादूगार पैसे देऊन पवित्र आत्म्याचे सामर्थ्य मागायला आला होता. आम्ही दयेचे शब्द देऊन मागत होतो. उत्तरांशेजारची ही लेबले लपवण्याची सोय खेळात आहे. ती आम्ही उशिरा वापरली आणि नंतरचा खेळ अधिक चांगला झाला.

आणखी एक गोष्ट. नंतरच्या सुधारणेमुळे खानावळीत पैसे मोजून आपले बळ, बुद्धी, सारे आकडे नव्याने वाटून घेता येतात. पण एकदा नोंदले गेलेले क्रौर्य कधीच कमी होत नाही. बुद्धी बदलून मिळते, केलेले पुसले जात नाही! पापनिवेदनाची सोय नसलेल्या जगाचे इतके नेमके चित्र आम्ही कोणत्याही कादंबरीत पाहिलेले नाही. लेखकांनी ते हेतूने काढले असेल असे वाटत नाही.

दोषही आहेत. देवांचे रहस्य शेवटाजवळ इओव्हाराच्या तोंडून प्रवचनासारखे ऐकावे लागते. थकलेल्या खेळाडूला ते झेपत नाही. रस्तोरस्ती सोनेरी पाट्यांची पात्रे उभी असतात, ज्यांच्या आत्म्यात डोकावले की कथेशी संबंध नसलेली एखादी गोष्ट वाचायला मिळते. ही वर्गणीदारांना दिलेली जागा आहे. चर्चच्या बाकांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, त्याची आठवण झाली.

शेवटी सुटलेल्या आत्म्यांचे काय करायचे हे खेळाडूने ठरवायचे असते. आम्ही ते मुलांच्या देहांत परत धाडले. तो युवक म्हणाला, त्याने ते चक्रात सोडले; कितीतरी मुले तोवर मेली होती, मारली गेली होती, आणि उरलेल्यांनाच द्यायचे हा अन्याय नाही का? आम्ही म्हटले, जे मूल समोर आहे त्याला आधी. तो पटला नाही. हा वाद व्हरांड्यात तीन रविवार चालला आणि अजून मिटलेला नाही.

त्याच्या आईला आम्ही सांगितले की खेळ बंद करू नका, रात्री अकरानंतर संगणक मात्र बंद करा. तिला हे फारसे आवडले नाही. आता मुलाने २०१८ मध्ये आलेला पुढचा भाग आणून दिला आहे. त्यात इओथास स्वतःच ते जन्ममृत्यूचे चक्र मोडायला निघाला आहे म्हणे. आमचे जहाज अजून पहिल्याच बंदरात आहे.