पिकअपच्या काचेवरचा बर्फ आणि अर्ध्यावर थांबलेला नियम

एरवी या ब्लॉगवर आपण एखादा शोधनिबंध घेतो आणि तो सोप्या भाषेत उलगडून बघतो. आज निबंधाऐवजी एक सरकारी नियम घेतोय. गाडीच्या काचेवरचा बर्फ कसा वितळतो यावर जे संशोधन होतं, त्यात ‘वीस मिनिटांत अमुक टक्के काच साफ’ अशा स्वरूपाचे आलेख कायम दिसतात. ही वीस मिनिटं आणि हे टक्के कुठून आले, हे शोधत गेलं की आपण अमेरिकेच्या एका सुरक्षा मानकापाशी पोहोचतो : एफएमव्हीएसएस १०३. विषय समोरच्या काचेवरचा बर्फ आणि वाफ काढणारी यंत्रणा. मानक छोटंसं आहे, चहा पिता पिता वाचून होतं. पण वाचल्यावर एक गोष्ट चांगलीच खटकते.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. सुरुवातीलाच लिहिलंय की हे मानक प्रवासी कार, बहुउपयोगी प्रवासी वाहनं, ट्रक आणि बस या सगळ्यांना लागू आहे. पुढचं कलम सांगतं की प्रत्येक वाहनात बर्फ आणि वाफ काढणारी यंत्रणा असलीच पाहिजे. इथवर सगळं छान. त्याच्या पुढच्या कलमात मात्र शब्द बदलतो. यंत्रणेने किती वेळात किती काच साफ करून दाखवायची, ही अट येते तेव्हा ‘प्रत्येक वाहन’ जाऊन तिथे ‘प्रत्येक प्रवासी कार’ येतं. म्हणजे पिकअपमध्ये डिफ्रॉस्टर असायला हवा, हे कायदा सांगतो. तो काम किती करतो, हे कायदा विचारतच नाही!

आता तुम्ही म्हणाल, पिकअप म्हणजे मालवाहू गाडी, तिला वेगळा न्याय असेल. पण अमेरिकेतली पिकअप म्हणजे आपल्याकडचा भाजीचा छोटा टेम्पो नव्हे. फोर्डची एफ-सिरीज चार दशकांहून जास्त काळ तिथली सर्वाधिक खपाची गाडी आहे. चार दरवाजे, पाच माणसांची जागा, मागे मुलांच्या सीट. लोक याच गाडीने कामावर जातात आणि मुलांना शाळेत सोडतात. तरीही व्याख्येनुसार ती ‘मुख्यतः माल वाहण्यासाठी’ बनवलेली, म्हणून ट्रक. गंमत म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या किंवा कच्च्या रस्त्यावर चालण्यासाठी खास सोयी असलेल्या एसयूव्हीसुद्धा ‘बहुउपयोगी’ या खान्यात पडतात आणि त्याही या अटीतून सुटतात. १९६० च्या दशकात हा नियम आकाराला आला तेव्हा रस्त्यावर बहुतेक कारच होत्या. आज पिकअप, एसयूव्ही आणि व्हॅन मिळून तिथल्या नव्या गाड्यांचा तीन चतुर्थांशांहून मोठा हिस्सा होतो. अपवाद म्हणून ठेवलेला कोपरा आता घराहून मोठा झालाय.

मग ती अट तरी काय आहे? गाडी उणे १८ अंश सेल्सिअसच्या शीतकक्षात गारठेपर्यंत ठेवायची. काचेवर पाण्याचा फवारा मारून पातळ, एकसारखा बर्फ जमवायचा. मग इंजिन सुरू करायचं आणि घड्याळ लावायचं. २० मिनिटांत चालकासमोरच्या महत्त्वाच्या भागाचा ८० टक्के बर्फ गेला पाहिजे, २५ मिनिटांत शेजारच्या प्रवाशासमोरच्या तशाच भागाचा ८० टक्के, आणि ४० मिनिटांत मोजणीच्या पूर्ण क्षेत्राचा ९५ टक्के. ही पद्धत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे९०२ या शिफारशीतून घेतलेली आहे.

आता थोडं गणित करू या, कारण त्याशिवाय पुढची टीका हवेत राहील. काच १.२ चौरस मीटर धरा. चाचणीतला बर्फ साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा, म्हणजे सगळा मिळून जेमतेम अर्धा किलो. तो उणे १८ वरून शून्यावर आणून वितळवायला सुमारे २०० किलोज्यूल लागतात. पाच मिलिमीटर जाडीची काच स्वतः १५ किलोची. तिला शून्यापर्यंत आणायला आणखी सुमारे २२० किलोज्यूल. एकूण ४२० किलोज्यूल, वीस मिनिटांत. भागाकार केला तर सरासरी ३५० वॉट. स्वयंपाकघरातला मिक्सर याहून जास्त खातो! आणि गरम झालेल्या गाडीचा हीटर काही हजार वॉट सहज देतो.

म्हणजे उष्णता कमी पडते असं नाही. अडचण आहे ती वेळेवर आणि योग्य जागी पोहोचवण्याची. डॅशबोर्डवरच्या अरुंद फटीतून गरम हवा येते, काचेला चिकटून वर सरकते, आणि वर जाता जाता थंड आणि मंद होते. म्हणून बर्फ खालून वितळतो आणि वरचे कोपरे, कडेच्या खांबांजवळच्या पट्ट्या शेवटपर्यंत पांढऱ्या राहतात. फटीचा कोन जरा बदलला की साफ होणाऱ्या भागाचा आकारच बदलतो. संशोधनात संगणकावर हेच तर तपासतात. आणि म्हणूनच इथे ‘यंत्रणा आहे’ आणि ‘यंत्रणा काम करते’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फट कुठेतरी आहे, एवढ्याने काच साफ होत नाही.

चाचणीवरही माझे दोन आक्षेप आहेत. पहिला वाऱ्याबद्दल. नियमानुसार कक्षात वाऱ्याचा वेग ताशी ० ते २ मैल, म्हणजे जवळपास निवांत हवा. अशा हवेत वितळत्या काचेतून बाहेर जाणारी उष्णता माझ्या ढोबळ हिशेबाने दोनशे वॉटच्या आसपास येते. तीच गाडी ताशी ६० किलोमीटरने धावू लागली की ती हजार वॉटच्या पुढे जाते. म्हणजे उभ्या गाडीत साफ झालेली काच रस्त्यावर पुन्हा गोठू शकते, आणि चाचणीला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरा आक्षेप टक्केवारीबद्दल. ८० टक्के साफ म्हणजे २० टक्के झाकलेलं. पण कुठलं २० टक्के? आकडा क्षेत्रफळ मोजतो, आणि रस्ता ओलांडणारा माणूस क्षेत्रफळाच्या हिशेबाने येत नाही. डाव्या खांबाजवळची पट्टी झाकलेली असेल, तर चौकात वळताना नेमका तोच माणूस दिसणार नाही.

अर्थात चाचणी अपुरी आहे म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. अपुरी का होईना, कारला ती द्यावी लागते. पिकअपला तीही नाही, आणि पिकअपची गरज मात्र उलट जास्त आहे.

एक म्हणजे उंच बॉनेट. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं की ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची पादचाऱ्याला धडक बसली, तर ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा मृत्यूची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त असते. ज्या गाडीची धडक जास्त जीवघेणी, तिच्या चालकाला समोरचं आधी दिसायला हवं ना? दुसरं, अवजड पिकअपमधली डिझेल इंजिनं. उभ्या गाडीत ती वाया जाणारी उष्णता कमी देतात, त्यामुळे कूलंट तापायला वेळ लागतो. म्हणून तर काही मॉडेलांत विजेवरचा जादा हीटर द्यावा लागतो. तिसरं, मागची काच. हे मानक फक्त समोरच्या काचेबद्दल आहे. मागच्या काचेतल्या तापणाऱ्या तारा अनेक पिकअपच्या स्वस्त प्रकारांत जादा पैसे मोजून घ्याव्या लागतात.

आता क्लायमेट कंट्रोलकडे येऊ, कारण जाहिरातीत सगळा भर त्याच्यावर असतो. दोन झोन, तीन झोन, तापलेली सीट, तापलेलं स्टिअरिंग, घरातून बटण दाबून इंजिन सुरू. या सोयींना माझा विरोध नाही. पण चालकाला उबदार वाटणं आणि चालकाला दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हवा तर एकाच ब्लोअरमधून येते. पायाकडे गेलेली हवा काचेवर जात नाही. वाफेची तर निराळीच कथा. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना काच आतून धुरकट होते, तेव्हा आपण एसी लावतो; हवा कोरडी होते आणि काच स्वच्छ. तोच एसी फार गार करून काचेवर सोडला, की बाहेरून धुरकट होते, कारण आता काच बाहेरच्या दमट हवेच्या दवबिंदूखाली गेली. मिनेसोटाच्या थंडीतही नियम हाच, फक्त तिथे बाहेरची हवाच कमालीची कोरडी असते. उणे १८ अंशांची पूर्ण संपृक्त हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर येते. म्हणून डिफ्रॉस्टचं बटण दाबलं की बहुतेक गाड्या आतली हवा फिरवणं बंद करून बाहेरची हवा घेतात. पाच माणसांचे श्वास आणि पायपुसण्यांवरचा वितळता बर्फ यांवर तोच उतारा. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी एवढं एक लक्षात ठेवा : लवकर ऊब हवी म्हणून आतली हवा फिरवत ठेवलीत, तर काच आतून गोठेल.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणू शकतात की आम्ही पिकअपचीही चाचणी घेतोच. ट्रक, बस आणि बहुउपयोगी वाहनांसाठी एसएईची जे३८१ नावाची वेगळी चाचणीपद्धत आहेही. मान्य. पण ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक चाचणीचा निकाल जाहीर करावा लागत नाही, आणि नापास झालं तर गाडी परत बोलावण्याचं बंधन येत नाही. शिवाय खर्च वाचवायची वेळ आली की आधी कात्री लागते ती जे कुणी मोजत नाही त्याला. जर सगळे पिकअप ही परीक्षा आरामात पास होत असतील, तर ती सक्तीची करायला हरकत कसली? आणि होत नसतील, तर ती सक्तीची करायचं याहून मोठं कारण कोणतं?

तंत्रज्ञान नाही असंही नाही. काचेच्या थरांत बारीक तारा घालून तीच तापवणारी समोरची काच फोर्डने युरोपातल्या गाड्यांत १९८० च्या दशकापासून दिली आहे. हवेचा झोत, फटीचा कोन, इंजिन तापण्याची वाट, या सगळ्या भानगडी ती टाळते, कारण उष्णता जिथे हवी तिथेच तयार होते.

मग करायचं काय? नवीन कायदा लिहायचीही गरज नाही. त्याच मानकांच्या मालिकेत मागच्या कॅमेऱ्याचा नियम आहे, जो मे २०१८ पासून पूर्णपणे अमलात आला. तिथे कार, पिकअप, एसयूव्ही असा भेद केलेला नाही. १०,००० पाउंडांपर्यंतच्या एकूण वजनाच्या जवळपास सगळ्या गाड्यांना कॅमेरा लागतो. मागे उभं असलेलं मूल गाडी कोणत्या खान्यात मोडते हे बघत नाही, हे तिथे मान्य झालंय. समोर उभ्या असलेल्या मुलाबाबतही तेच मान्य करायचंय. १०३ च्या त्या कलमातले ‘प्रवासी कार’ हे दोन शब्द काढून तिथे हीच वजनाची मर्यादा घाला. वाऱ्याचा आणि टक्केवारीचा वाद आम्ही संशोधक मंडळी नंतर घालत बसू.

तोवर आलेख वाचताना एक सवय लावून घ्या. ‘मानकानुसार’ असं दिसलं की ते मानक कुणाला लागू आहे, हेही एकदा विचारा.