'घोडो' आणि 'धम्मो' : एका अनुमानाचे परीक्षण

विजयदुर्गाच्या मालवणीत 'घोडा' नव्हे, 'घोडो' म्हणतात. पालीतही 'बुद्धो', 'धम्मो' असा ओकार असल्याने मालवणी ही थेट पालीची कन्या, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हे अनुमान टिकत नाही. असाच ओकार गुजराती-राजस्थानीतही आढळतो; जुन्या ध्वनींचे समान अवशेष नव्हे, तर समान नवे बदलच भाषांचे कुळ ठरवितात. ग्रियर्सन यांनी १९०५ मध्ये कोकणीला मराठीची बोली गणले; १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. लेबल बदलले, बोली तीच राहिली. डॉ. अ. मा. घाटगे यांचे 'कुडाळी'चे वर्णन (१९६५) म्हणूनच मोलाचे. त्याचा आधार प्रत्यक्ष बोलणे हा आहे. केवळ परंपरेवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. श्रमिकांच्या बोलीला प्रतिष्ठेसाठी पालीच्या वंशावळीची गरज नाही.