पदविकेनंतर पुन्हा परीक्षा : हैदराबादच्या ईसेटची चिकित्सा

तेलंगणात दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये जाणारा विद्यार्थी प्रथम पॉलिसेट ही प्रवेश परीक्षा देतो. त्यानंतर तीन वर्षे तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षा देऊन तो पदविका मिळवतो. तरीही हैदराबादच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला त्याला प्रवेश हवा असेल, तर ईसेट ही आणखी एक परीक्षा द्यावी लागते. 200 गुणांपैकी गणिताला 50, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राला प्रत्येकी 25 आणि पदविकेच्या शाखेला 100 गुण आहेत. म्हणजे जे शिकवून झाले, ज्याची परीक्षा घेऊन झाली, त्याचीच पुन्हा परीक्षा.

महाराष्ट्रात पदविकेला प्रवेश दहावीच्या गुणांवर आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतो. नांदेडचा पदविकाधारक आणि हैदराबादचा पदविकाधारक पुढे जवळपास सारखाच अभ्यासक्रम शिकतात. असे असता एकाच्या पदविकेवर विश्वास आणि दुसऱ्याच्या पदविकेवर अविश्वास, हे तर्कास धरून नाही.

ईसेटच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. अंतर्गत गुण देताना सर्व संस्थांचा हात सारखा नसतो. उदार संस्थेचा विद्यार्थी पुढे जातो आणि काटेकोर संस्थेचा मागे राहतो. हे आपल्या अध्यापक वर्गाला सांगण्याची गरज नाही! समान परीक्षेने हा दोष काही अंशी झाकला जातो. परंतु ईसेटची पात्रता 25 टक्के, म्हणजे केवळ 50 गुण आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तीही अट नाही. त्यामुळे योग्य कोण आणि अयोग्य कोण, हे ही परीक्षा फारसे ठरवत नाही. ती फक्त क्रम लावते. तीन वर्षांच्या मूल्यमापनाचा त्या क्रमात वाटा नाही. पदविकेतील किमान टक्केवारी पूर्ण झाली की तिचे काम संपते.

हा क्रम साधा नाही. कन्व्हेनर कोट्यातील जागा आणि तिच्याशी जोडलेली शुल्क प्रतिपूर्ती याच क्रमांकावर अवलंबून असते. 2007 च्या कायद्याने मुस्लिम समाजातील मागास गटांना बीसी-ई प्रवर्गात मिळालेले 4 टक्के आरक्षणही या क्रमांकामार्फतच हाती येते. गॅरेजमध्ये किंवा दुकानात काम करत पदविका पूर्ण करणाऱ्या मुलाला अंतिम वर्षाचा प्रकल्प, मंडळाची परीक्षा आणि ईसेटची तयारी एकाच वेळी करावी लागते. शिकवणीची फी ज्याला परवडते त्याचा क्रमांक वर जातो, हे वेगळे सांगायला नको.

भाषेचा प्रश्नही आहे. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेसाठी (पूर्वीची एम्सेट, 2024 पासून ईएपीसेट) हैदराबाद परिसरात उर्दू प्रश्नपत्रिकेची सोय करण्यात आली. मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने तर तंत्रशिक्षणच उर्दूतून सुरू केले. ईसेटपर्यंत मात्र हा विचार पोहोचलेला दिसत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठ कम्युनिटी कॉलेजमधून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांकडून एसएटी मागत नाही. तेथे महाविद्यालयातील कामगिरी पाहिली जाते. भारतातही 2021 मध्ये श्रेयांक बँक सुरू झाली, ती शिकलेले पुढच्या संस्थेत ग्राह्य धरले जावे म्हणूनच. तेलंगणाने 2023 मध्ये एम्सेटमधील बारावीच्या गुणांचा 25 टक्के भार काढून टाकला. म्हणजे वाटचाल नेमकी उलट दिशेने आहे. ईसेट ठेवायचीच असेल, तर निदान शाखेच्या 100 गुणांऐवजी मंडळाच्या लेखी परीक्षेचे गुण धरावेत. अंतर्गत गुण वगळले की उदार-काटेकोर हा आक्षेपही उरत नाही.