पायवाटेचें गद्य

प्रवासवर्णन आणि वनवर्णन हे वस्तुतः दोन निराळे वाङ्मयप्रकार आहेत. प्रवासी अनेक स्थळें एकेकदां पाहतो. वनलेखक एकच वाट अनेकदां चालतो. पहिल्याच्या लेखनाचा जीव नावीन्यांत असतो, दुसऱ्याच्या लेखनाचा पुनरावृत्तींत. ज्या वाटेनें काल गेलों तिच्यावर आज काय निराळें आहे, कोणतें झाड फुलावर आलें, पाणवठ्याच्या चिखलांत रात्रीं कोणाचीं पावलें उमटलीं, हें ज्यास कळतें त्यालाच वनाविषयीं लिहिण्याचा अधिकार पोंचतो. ही कसोटी लावून पाहिली म्हणजे मराठींतलें पुष्कळसें निसर्गलेखन प्रवासवर्णनांतच जमा होतें, आणि वनवाङ्मय म्हणून थोडकेंच मागें उरतें. त्या थोडक्यांत मारुती चितमपल्ली यांच्या ग्रंथांचें स्थान फार वरचें आहे. त्यांच्याविषयीं आदरानें पुष्कळ लिहिलें-बोललें जातें. पण त्यांच्या गद्याचें परीक्षण मात्र क्वचितच होतें. 'अरण्यऋषी' ही पदवी देऊन टाकली कीं टीकाकाराचें काम संपलें, असा जणूं समजच होऊन बसला आहे. आमच्या मतें त्या पदवीनें लेखकावर थोडा अन्यायच केला आहे. कारण ऋषीचें वचन शिरसावंद्य मानावयाचें असतें, लेखकाचें वाक्य तपासून पाहावयाचें असतें.

चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजीं सोलापुरांत झाला. गिरण्या, माग आणि भोंवतीं पसरलेलें कोरडें माळरान, असें हें शहर. येथें दाट अरण्याची कल्पना पुस्तकावांचून यावयाची नाहीं. कोइमतूर येथें वनशिक्षण घेतल्यावर १९९० मध्यें निवृत्त होईपर्यंत त्यांचा काळ महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जंगलांत गेला. २००६ सालीं सोलापुरांत भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीं १८ जून रोजीं, ज्या गांवीं जन्म झाला त्याच गांवीं त्यांनीं देह ठेवला. हा चरित्रक्रम सांगण्याचें कारण इतकेंच कीं, हा लेखक जंगलांत पाहुणा म्हणून गेलेला नव्हता. तेथें हिंडणें हेंच त्याचें नेमलेलें काम होतें, आणि लेखन हें त्या हिंडण्याचें फळ होतें.

या लेखनाचें खरें माहेरघर म्हणजे नवेगावबांध. पूर्वीच्या भंडारा व आतांच्या गोंदिया जिल्ह्यांत डोंगरांच्या कुशींत हा विस्तीर्ण तलाव आहे. तो निसर्गनिर्मित नव्हे. कोलू पाटील कोहळी यानें तो अठराव्या शतकाच्या प्रारंभीं बांधला असें परंपरा सांगते. तलाव बांधण्याचें कोहळी समाजाचें कौशल्य पूर्व विदर्भांत प्रसिद्धच आहे. भोंवतींच्या डोंगरांस तेथील लोक 'सात बहिणी' म्हणतात. १९७५ सालीं या परिसरांतील सुमारें १३४ चौरस किलोमीटर जंगलास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एका बाजूस माणसानें बांधलेलें पाणी, दुसऱ्या बाजूस आपोआप वाढलेलें वन, आणि दोहोंमध्यें माणसांच्या व जनावरांच्या पायांनीं पडलेल्या वाटा, अशी ही भूमि आहे. 'नवेगावबांधचे दिवस' हें पुस्तक तर त्याच मुक्कामाचें. पण 'रानवाटा' या नांवांत त्यांच्या साऱ्या लेखनाचें मर्म आलें आहे असें आम्हांस वाटतें.

या गद्याचा पहिला गुण म्हणजे त्याची गति. ती माणसाच्या पावलाची गति आहे. गाडींत बसलेल्या माणसास जनावर एकदम दिसतें आणि तितक्याच एकदम नाहींसें होतें. म्हणून त्याच्या वर्णनांत उद्गारचिन्हें फार. पायीं चालणाऱ्यास आधीं वास येतो, मग आवाज ऐकूं येतो, मग माग दिसतो, आणि जनावर दिसलेंच तर सर्वांच्या शेवटीं. चितमपल्लींचीं वाक्यें याच धिम्या क्रमानें पुढें सरकतात. तीं आखूड असतात. अलंकार त्यांत थोडे. निसर्ग म्हटला कीं उपमांचा पाऊस पाडावयाचा, ही आमच्या लघुनिबंधकारांची संवय येथें आढळत नाहीं. उपमेची जागा येथें नांवानें घेतली आहे. झाड म्हणजे नुसतें झाड नव्हे. तो ऐन असतो, मोह असतो, तेंदू असतो. वस्तूचें खरें नांव ठाऊक असलें म्हणजे ती दुसऱ्या कशासारखी आहे हें सांगत बसावें लागत नाहीं.

जेथें नांवच नव्हतें तेथें त्यांनीं तें घडविलें. अनेक कावळ्यांचीं घरटीं एकत्र असतात त्या वसाहतीस त्यांनीं 'काकागार' म्हटलें. बगळ्यांच्या तशाच वसाहतीस 'सारंगागार'. हे शब्द डौलदार आहेत यांत शंका नाहीं. तथापि त्यांनीं घडविलेल्या शब्दांपेक्षां त्यांनीं वेंचलेले शब्द आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. 'शब्दांचं धन' आणि 'पक्षिकोश' हे ग्रंथ त्या वेंचणीची साक्ष देतात. घडविलेला शब्द एका पंडिताचा असतो. वेंचलेल्या शब्दामागें ज्यांनीं ती वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडविली, त्या माणसांचा अनुभव उभा असतो. गोंड, कोरकू, ढिवर, पारधी, आणि नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे जाणते सोबती यांच्या तोंडची विद्या चितमपल्लींनीं ग्रंथांत आणली. नागर मराठीस वनाची परिभाषा नव्हती. ती तिला या मार्गानें मिळाली. हें ऋण लेखकाचें एकट्याचें नसून आपणां सर्वांचें आहे.

परंतु याच गुणाच्या पोटीं एक दोषही दडलेला आहे, आणि तो न सांगणें म्हणजे टीकाकारानें आपलें कर्तव्य चुकविणें होय. सोबत्यानें सांगितलेलें आणि स्वतः पाहिलेलें, यांतली सीमारेषा या लेखनांत पुष्कळदां पुसट होते. कावळ्यानें घरटें कोणत्या झाडावर बांधलें यावरून पावसाळ्याचा अदमास बांधण्याची लोकांत रीत आहे. ती रीत म्हणून नोंदणें हें मोलाचें काम आहे. पण ती कितपत खरी ठरते, हें वर्षानुवर्षांच्या टिपणांवांचून कोणास सांगतां येणार नाहीं. चितमपल्ली लोकविद्या आणि निरीक्षण एकाच शांत स्वरांत सांगतात, आणि तो स्वर इतका विश्वासार्ह असतो कीं वाचक दोहोंवर सारखाच विश्वास ठेवतो. कोणी म्हणेल, हें साहित्य आहे, शास्त्र नव्हे. आम्हांस हा बचाव पटत नाहीं. ज्या गद्याचें सारें बळ नेमकेपणांत आहे, त्यानें या एका ठिकाणींच सवलत कां मागावी? 'पक्षिकोशा'सारखा ग्रंथ रचणाऱ्या लेखकास ही शिस्त जड खास नव्हती. कथेच्या मोहानें ती कधीं कधीं सुटली, एवढेंच.

व्यंकटेश माडगूळकर यांचें 'नागझिरा' शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. नागझिऱ्याचें जंगल त्याच मुलुखांतलें. माडगूळकर तेथें गेले ते पाहुणे म्हणून, चित्रकाराची नजर आणि कथाकाराची लेखणी घेऊन. जंगलांत एकट्या माणसाच्या मनाचें काय होतें, हा त्यांचा खरा विषय; म्हणून त्यांच्या पुस्तकास बांधणी आहे, आरंभ आणि शेवट आहे. चितमपल्लींच्या पुस्तकांस तशी बांधणी बहुधा नसते; वाट जेथें फुटते तेथें लेख वळतो, आणि दिवस मावळला म्हणजे थांबतो. कलाकृति म्हणून माडगूळकरांचें पुस्तक अधिक रेखीव आहे, हें आम्ही मान्य करतों. पण तें वाचून एका थोर लेखकाची ओळख होते. चितमपल्ली वाचून लेखकाचा विसर पडतो आणि जंगलाची ओळख होते. दोन्ही लाभ मोठे आहेत. मात्र ते एक नव्हेत.

आज या विवेचनास एक निराळेंच महत्त्व आलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवांचून शिरतां येत नाहीं. २०१३ सालीं नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प झाला. आतां अशा जंगलांत सामान्य पाहुणा जातो तो ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या रस्त्यानें आणि गाडींत बसून. हे निर्बंध व्यर्थ आहेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. माणसांची वर्दळ वाढली तर वाघास राहावयास जागा उरणार नाहीं. पण त्याचा वाङ्मयावर काय परिणाम होईल, याचा विचार टीकाकारानें करावयास हवा. गाडींतून जन्मणारें लेखन बहुधा 'वाघ दिसला' किंवा 'वाघ दिसला नाहीं' या दोन वाक्यांत आटोपतें. ज्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं त्या दिवसाचें वर्णन त्याला करतां येत नाहीं. आणि वनवाङ्मयाचा प्राण तर अशाच दिवसांत असतो. म्हणून चितमपल्लींचे ग्रंथ हे यापुढें केवळ वाचनीय राहणार नाहींत. वन जाणण्याच्या एका मावळत्या रीतीचे ते दस्तऐवज ठरतील.

ती रीत सर्वस्वीं मावळावी असें मात्र नाहीं. तिला घनदाट अरण्यच लागतें हा भ्रम आहे. चितमपल्लींस प्राणिसृष्टीची पहिली ओळख घडली ती त्यांच्या बालपणीं, याच सोलापूरच्या परिसरांत. येथून जवळच नान्नजचें माळढोक अभयारण्य आहे. १९७९ सालीं तें जाहीर झालें. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, अशी आमच्या सुशिक्षित घरांतूनही समजूत आहे, आणि ज्या पक्ष्याच्या नांवानें तें अभयारण्य झालें तो तेथें आतां जवळजवळ दिसेनासा झाला आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाहीं असें कोण म्हणेल? ज्या भूमीस भाषेंत किंमत नाहीं, तिला व्यवहारांतही किंमत राहत नाहीं. नवेगावबांधच्या तळ्यास जो लेखक लाभला तसा आमच्या माळास, एकरुखच्या तलावास, आणि उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांस लाभला पाहिजे. त्यानें चितमपल्लींची पायवाट धरावी, नांवें विचारीत जावें, एकच वाट शंभर वेळां चालावी; आणि ऐकलेलें कोणतें, पाहिलेलें कोणतें, हें मात्र त्यांच्याहून अधिक काटेकोरपणें सांगावें. गुरूचें खरें स्मारक तेंच होईल.