आशेच्या दोन रात्री

मराठी धार्मिक वाङ्मयांत ‘आशा’ या शब्दास फारशी प्रतिष्ठा नाहीं. संतांच्या वाणींत ती बहुधा तृष्णेची सखी म्हणून येते. ती तोडावी असाच उपदेश. उलट नव्या करारांत विश्वास, आशा व प्रीति हें त्रिकूट ठरलें, आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्यांचा तर सारा जीव या मधल्या शब्दांत. आमच्या ख्रिस्ती लेखकांनीं हा शब्द घेतला, पण त्याच्या अंगावरचा जुना धुरळा पुष्कळांनीं झटकलाच नाहीं. म्हणून त्यांच्या उपदेशपर पुस्तकांतील आशा मनांत उतरतांना अडखळते, अशी आमची तक्रार आहे.

दोन कथा शेजारीं ठेवून पाहाव्या. भागवताच्या अकराव्या स्कंधांत, आणि म्हणून पैठणच्या नाथांच्या 1573 त काशीस पुऱ्या झालेल्या टीकेंतही, विदेहनगरीची पिंगला वेश्या आहे. द्रव्य देणारा कोणी येईल म्हणून ती शृंगार करून दारांत उभी राहते, आंत जाते, पुन्हा बाहेर येते, मध्यरात्र होते. शेवटीं ती आशाच सोडते आणि सुखानें झोपते. अवधूतानें तिला गुरु केलें तें या सोडण्यामुळें. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहतात. वरास उशीर होतो. दहाही जणींचा डोळा लागतो. मध्यरात्रीं हांक येते, आणि ज्यांच्यापाशीं तेल आहे त्या पांचच लग्नघरांत जातात.

प्रहर तोच, झोपही दोहोंकडे. मग फरक कशांत? एक आशा वाईट व दुसरी चांगली, एवढ्यानें भागत नाहीं. पिंगलेस कळतें कीं खरा प्रियकर आपल्या हृदयांतच होता. वाट पाहण्याचें कारणच उरत नाहीं. कुमारींचा वर मात्र खरोखर वाटेवर आहे.

या कसोटीवर रेव्हरंड टिळक (1861–1919) पिंगलेकडे अधिक झुकतात असें आम्हांस वाटतें. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त माउली आहे, गुरु आहे, इतका जवळ आहे कीं भविष्यकाळास फार जागा राहत नाहीं. तें त्यांचें सामर्थ्यच होय. पण धीराची कविता त्यांच्यापाशीं शोधूं नये. धीर गद्यांत, आणि तोही त्यांच्याच घरांत सांपडतो. 1895 त पतीनें बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंनीं वेगळेपणाचीं वर्षें कशीं काढलीं तें ‘स्मृतिचित्रें’त आहे, आणि तेथें आशेवर प्रवचन नाहीं; रडणें आहे, रागावणें आहे, मध्येंच खळखळून हसणेंही आहे. टिळकांच्या मृत्यूनें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें याच बाईंनीं चालविलें.

याकोबाच्या पत्रांत प्रभूच्या येण्याविषयीं धीर धरा असें सांगतांना पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला आहे. आमच्या मंठ्याकडे या वचनास टीका लागत नाहीं. मृगांत पेरून बसलेला माणूस आभाळाकडे पाहतो खरा, पण हातावर हात ठेवून नव्हे. बांध नीट करतो, दुबार पेरणी आलीच तर बियाणें कोठून आणावें याचा हिशेब मांडतो. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनीं जालन्यानजीक बेथेल वसविलें, तेथील कुणब्यांस हा दाखला ऐकतांच उमगला असावा.

दोन्ही रात्री पुऱ्या जाणणारी लेखिका मात्र आम्हांस एकच दिसते. पंडिता रमाबाई (1858–1922) पुराणिकाची मुलगी. भागवत त्यांना मुखोद्गत, म्हणजे पिंगला बालपणापासून ओळखीची. त्यांनींच पुढें केडगांवीं हिब्रू व ग्रीकवरून सारें बायबल सोप्या मराठींत आणलें. तें कानास खडबडीत लागतें, हा आक्षेप अंशतः खरा आहे. पण वाचणार होत्या त्या खेड्यांतल्या बायका, आणि रमाबाईंनीं वर्षानुवर्षें काम केलें तें त्यांच्यासाठीं. ग्रंथ 1924 त बाहेर आला; तेव्हां बाई नव्हत्या.