एग्डनचे छायाचित्र: कादंबरीतील स्थळ आणि दृश्य पुरावा

कादंबरीतील स्थळ समजून घेण्यासाठी छायाचित्रांचा आधार घेताना समीक्षक बहुधा असे गृहीत धरतो की, प्रत्यक्ष प्रदेश हा मूळ आणि कादंबरीतील प्रदेश ही त्याची प्रतिकृती. टॉमस हार्डीच्या ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ (१८७८) या कादंबरीच्या संदर्भात हे गृहीत टिकत नाही.

हार्डीच्या सहकार्याने सिद्ध झालेले हर्मन ली यांचे ‘टॉमस हार्डीज वेसेक्स’ हे सचित्र पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉर्सेट परगण्यातील अनेक स्थळांची ओळख त्यातील छायाचित्रांनी पटवली. परंतु एग्डन हीथ हा माळ एका छायाचित्रात सामावणे शक्यच नव्हते. निरनिराळ्या नावांचे किमान डझनभर माळ त्यात एकवटले आहेत, असे हार्डीने १८९५ च्या प्रस्तावनेत नमूद केले होते. शिवाय कादंबरीचा घटनाकाल १८४० ते १८५० हा आहे. लींचा कॅमेरा तेथे पोहोचला तो पुढील शतकात.

मग छायाचित्राचा उपयोग कोणता? त्याचे उत्तर हार्डीच्याच १९१२ च्या पुरवणी-टिपणात सापडते. कथानक माळाच्या मध्यभागी घडते असे कल्पिले असले, तरी वर्णनाशी जुळणारी काही भूवैशिष्ट्ये प्रत्यक्षात माळाच्या कडेला, पश्चिमेस काही मैलांवर आहेत, असे तो सांगतो. माळाच्या कडेचे छायाचित्र संहितेशेजारी ठेवले की हे स्थलांतर लक्षात येते. पाच नोव्हेंबरच्या रात्री पेटणारी होळी आणि रेनबॅरोच्या उंचवट्यावरील युस्टेशियाची एकाकी आकृती यांना केंद्रस्थान हवे होते. पॅरिसची ओढ असलेल्या या स्त्रीभोवती सर्व बाजूंनी माळच पसरलेला असणे, ही कादंबरीची अर्थगत गरज आहे.

छायाचित्राची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. निसर्गदृश्याचे छायाचित्र बहुधा दुरून पाहणाऱ्याचे असते. दृष्टी अधू झालेला क्लिम काटेरी झुडपे तोडू लागतो, तेव्हा त्याचा एग्डन सभोवतालच्या काही फुटांपुरता उरतो. किडे, फुलपाखरे आणि ससे हेच त्याचे सोबती होतात. श्रम करणाऱ्याचा हा माळ विस्तीर्ण दृश्यातून निसटतो.

मराठी प्रादेशिक कादंबरीच्या अभ्यासालाही याचा विचार करावा लागेल. श्री. ना. पेंडसे यांचे कोकण किंवा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) यांच्याशेजारी छायाचित्र ठेवताना साम्य सापडले की चिकित्सा थांबते. वास्तविक, जेथे साम्य तुटते तेथूनच कादंबरीकाराने केलेली स्थळाची रचना अभ्यासता येते.